आउटबोर्ड मोटर: वरच्या सिलिंडरला ओरखडे, बोअर मारावं का ब्लॉकच बदलावा?

दूधगंगाकाठ
नमस्कार मंडळी. सदलग्याच्या अलीकडं आमचं गाव, दूधगंगेच्या काठावर. तरुण मंडळाची एक फायबरची होडी आहे. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात काय झालं ते चिकोडी, निपाणी, अथणीच्या लोकांना सांगायला नको. त्यानंतर वर्गणी काढून होडी घेतली, पुढं तिला मागं टांगायची एक जुनी आउटबोर्ड मोटर बसवली. जपानी बनावट, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ८ अश्वशक्ती, १६५ सीसी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४२.

यंदा पावसाच्या आधी काढून बघितली तर सुरू होते, खरं अर्ध्या थ्रॉटलच्या वर जोरच धरत नाही. दोरी ओढताना हाताला हलकी लागते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला: खालचा सिलिंडर ११२, वरचा ६५ पीएसआय. हेड खोललं तर वरच्या सिलिंडरला उभे ओरखडे. काही नुसते दिसतात, दोन-तीन नखाला अडकतात. मध्येमध्ये चंदेरी काहीतरी चिकटल्यासारखं आहे.

कोल्हापुरात एकाला दाखवलं. तो म्हणाला बोअर मारून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) उपयोग नाही, ब्लॉक बदला. ब्लॉकची किंमत ऐकून मंडळाचे खजिनदार उठून गेले. काळम्मावाडी धरण भरायच्या आत काम व्हायला पाहिजे, एकदा कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली गेला की आमच्याकडं वेळ उरत नाही. काय करावं?

बोरिंगकाका
आधी लायनरला (सिलिंडरच्या आतल्या बाहीला) लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर बिडाचा लायनर आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ओतताना घातलेला. तसा असेल तर बोअर मारता येतं आणि ओव्हरसाइज पिस्टन बसतो. चुंबक चिकटत नाही किंवा जेमतेम ओढल्यासारखा वाटतो, तर आत निकेल नाहीतर क्रोमचा पातळ थर आहे. त्याला बोअर मारलं की तो थर गेला, मग नवीन लायनर ठोकणं किंवा पुन्हा प्लेटिंग करणं, दुसरा रस्ता नाही.

ते चंदेरी म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. पिस्टन तापून फुगला, भिंतीला घासला आणि स्वतःचा माल तिथं लावून गेला. त्यामुळं नखाला लागणारा प्रत्येक ओरखडा लायनरमध्ये आत गेलेला असतोच असं नाही. काही ठिकाणी खड्डा नसतो, उंचवटा असतो. तो काढल्याशिवाय मापाला अर्थ नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, माझी उमर गेली. म्हैसूरच्या येझदी मोटरसायकलचे बॅरल किती मारले त्याला हिशेब नाही. हेही टू-स्ट्रोकच, फक्त पाण्यात उभं असतंय.

किनारपट्टी
मी मालवणकडचा. आमच्याकडं ही इंजिनं रोज चालतात. काका बरोबर सांगतायत, पण बोअरच्या आधी एक प्रश्न: वरचाच सिलिंडर का गेला?

आउटबोर्डमध्ये थंड करायचं पाणी खालून पंप होऊन वर चढतं. पाणी कमी पडलं की वर हवा आणि वाफ साठते आणि वरचा सिलिंडर आधी कोरडा पडतो. ऑइलच कमी पडलं असतं तर दोन्ही सिलिंडरनी थोडंफार भोगलं असतं, पेट्रोल दोघांना एकाच टाकीतून जातं. म्हणून मला पाण्याचाच संशय येतो. मोटर चालताना मागून पाण्याची जी बारीक धार येते, ती शेवटच्या वेळी कशी होती? नुसती ठिबकत होती का?

पिस्टन काढलात की त्याचे चारही बाजूंचे फोटो टाका. चार कोपऱ्यांवर उभे पट्टे असतील तर पिस्टन सगळीकडून फुगलाय, म्हणजे इंजिन तापलंय. नुसता एक्झॉस्टच्या (धूर निघतो त्या) बाजूला खरवडलेला आणि माथा भाजलेला असेल तर पेट्रोल-हवा मिश्रण पातळ जात होतं, कार्बुरेटर बघायचा. इनटेकच्या बाजूला, सगळीकडं कोरडा घासलेला, तर ऑइल. एकच खोल चर, तीही पोर्टच्या (भिंतीतल्या खिडकीच्या) रेषेत, तर रिंग (पिस्टनभोवतीचं कडं) अडकून मोडली आहे किंवा बेअरिंगची सुई निघून वर आली आहे. अशा वेळी क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) खोलल्याशिवाय पुढं जाऊ नका.

गडइंग्लजचा_गडी
पिस्टन पुराण वाचून मजा आली. आमच्या आजोबांच्या काळात गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडायचे. काहिलीला कसलं कॉम्प्रेशन न् कसलं काय.

दूधगंगाकाठ
@गडइंग्लजचा_गडी काहील अजून आहे, हवी असेल तर घेऊन जावा.

@बोरिंगकाका चुंबक खट्ट करून चिकटला.

@किनारपट्टी तुम्ही म्हणालात म्हणून मोटरचा पाय (पाण्यात राहणारा खालचा भाग) उतरवला आणि पंप खोलला. इम्पेलरचे (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चक्राचे) रबर कडक होऊन वाकलेत ते वाकलेतच, दोन पाती मुळातून गेलीत. पंपाच्या घरात गाळ, आमच्या काळ्या मातीचा, वाळून चिकटलेला. पिस्टनवर पट्टे आहेत ते चार कोपऱ्यांवर. एक्झॉस्टच्या बाजूचे जास्त रुंद.

किनारपट्टी
मग चोर सापडला. आता ती दोन पाती कुठं आहेत ते शोधा. ती हवेत विरत नाहीत. पाण्याच्या वाटेनं वर जाऊन नळीत, नाहीतर थर्मोस्टॅटच्या (पाण्याचं तापमान राखणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी अडकून बसतात. नवीन इम्पेलर घालूनही इंजिन तापतं ते याच्यामुळं, आणि मग माणूस बोरिंगवाल्याला शिव्या घालतो.

नदीच्या पुराचं पाणी आणि आमचं समुद्राचं पाणी यात फरक आहे. मिठानं गंजतं, गाळानं घासतं. पूर ओसरताना जलपर्णी असेल तर पायावरची पाण्याची जाळी गच्च होते, ती दर फेरीला हातानं साफ करायची. आणि बिनपाण्याची मोटर ‘जरा बघू’ म्हणून शेडमध्ये सुरू करायची नाही. कोरडा इम्पेलर काही सेकंदांत भाजतो. ड्रम पाण्यानं भरा, पंपाच्या वरपर्यंत पाणी पाहिजे, मग दोरी ओढा.

मायक्रोमीटर
बेळगावात हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. रोज सिलिंडरच मोजते, म्हणून दोन शब्द.

‘नखाला लागतं’ हे माप नव्हे. डायल बोअर गेज घ्या, ५० च्या मायक्रोमीटरवर शून्य करा. सिलिंडरमध्ये तीन उंचींवर मोजा: वर रिंग जिथं थांबते त्याच्या जरा खाली, मध्यभागी, आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं. पोर्टच्या खिडकीवर गेजचा पाय पडू देऊ नका, आकडा खोटा येतो. वर-खाली फरक म्हणजे टेपर, आडव्या-उभ्यातला फरक म्हणजे ओव्हल. अशा छोट्या इंजिनात साधारण ५ शतांश (०.०५ मिमी) ओव्हल आणि ८ शतांश टेपर याच्या पलीकडं गेलं की नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा.

आणि उन्हात तापलेला ब्लॉक मोजू नका. रात्रभर गेज आणि ब्लॉक एका खोलीत ठेवा. अ‍ॅल्युमिनियम चटकन फुगतं, आपण इथं केसाहून बारीक फरकाबद्दल बोलतोय.

अ‍ॅसिडवाला
एवढं कशाला? संडास साफ करायचं अ‍ॅसिड लावा, चंदेरी गेलं की बारीक पॉलिश पेपर मारा, नवीन रिंगा, झाली गाडी सुरू. मी मोपेडचे असेच केलेत.

बोरिंगकाका
@अ‍ॅसिडवाला अर्धं बरोबर. अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियम खातं आणि बिडाला त्यामानानं कमी त्रास देतं, हे खरं. पण कसं लावायचं ते लिहा की, नाहीतर कोणीतरी बाटलीच ओतेल.

ब्लॉक पूर्ण सुटा करायचा. क्रँक आत असताना अ‍ॅसिड लावायचं नाही, एक थेंब बेअरिंगमध्ये गेला तर निस्तरत बसा. काडीला कापूस गुंडाळा, चंदेरी डागावरच लावा. फेस येतो तोवर माल शिल्लक आहे. फेस थांबला की पुसा, पुन्हा लावा. पोर्टच्या कडेला लायनर संपतो आणि ब्लॉकचं अ‍ॅल्युमिनियम उघडं असतं, तिथं अ‍ॅसिड गेलं तर तेही खातं. मग भरपूर पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी, वाळवून लगेच तेल. तेल विसरलात तर बीड बघताबघता गंजतं. चष्मा, हातमोजे, उघड्यावर. फेसातून हायड्रोजन निघतो, निपाणीकरांनी विडी लांब ठेवावी.

पण उभा पॉलिश पेपर मारणं म्हणजे ओरखड्यात भर घालणं. ओव्हल झालेला बोअर पेपरनं गोल होत नाही, हाताला जिथं सोपं तिथं जास्त घासला जातो. कॉम्प्रेशन चार दिवस बरं दिसेल, पुरात मधेच बंद पडेल. मोपेड बंद पडली तर ढकलत नेता येते.

निपाणीकर
विडीचा टोमणा पोचला.

दूधगंगाकाठ
अ‍ॅसिडचं काम झालं, काकांनी सांगितलं तसं. बरेच ओरखडे खरंच नुसता चिकटलेला माल होता. एक्झॉस्ट पोर्टच्या डावीकडं दोन रेषा उरल्यात, नखाला लागतात. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये गेज लावून घेतला.

खालचा सिलिंडर: वर ५०.०२, तळाला ५०.०१, दोन्ही दिशांना जवळजवळ तेवढंच.
वरचा सिलिंडर: वर ५०.०६, मध्यभागी एका दिशेला ५०.०९, दुसऱ्या दिशेला ५०.०३.

आता मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो दोन्ही मारू, दुसरा म्हणतो खालचा चांगला आहे त्याला कशाला हात लावायचा.

मायक्रोमीटर
वरचा मध्यभागी ६ शतांश ओव्हल आहे. मारावाच लागेल. खालच्याला नवीन रिंगा आणि हलकं होनिंग (दगडानं बारीक घासणं).

जुनं_गॅरेज
एक सिलिंडर स्टँडर्ड आणि एक ओव्हरसाइज? इंजिन थरथरणार. मारायचं तर दोन्ही.

बोरिंगकाका
ओव्हरसाइज पिस्टन वजनाला जवळपास तेवढाच करतात, पाव मिलिमीटरनं थरथर येत नाही. खालच्यात पाव मिलिमीटर आज फुकट घालवलात तर पुढच्या दुखण्याला तेवढा लायनर कमी. माझं मत, हात लावू नका.

महत्त्वाचं पुढं. पाव मिलिमीटरच्या ओव्हरसाइजला वरच्या सिलिंडरला ५०.०३-५०.०९ वरून साधारण ५०.२५ वर जायचंय. म्हणजे भिंतीच्या एका बाजूनं जागेप्रमाणं ८ ते ११ शतांश निघणार. ओरखडा त्याच्यापेक्षा खोल असेल तर तो उरणार आणि तुम्हाला अर्ध्या मिलिमीटरचा पिस्टन लागणार. पिस्टन मागवून बसलात आणि ओरखडा उरला तर पैसे पाण्यात. म्हणून आधी ५०.१५ पर्यंत एक काप घ्यायला सांगा. ओरखडा किती उरला ते उजेडात बघा, त्यावरून पाव की अर्धा ते ठरवा आणि मग पिस्टन मागवा. शेवटचा काप पिस्टन हातात आल्यावर. डब्यावर काय छापलंय त्याच्यावर नाही, प्रत्यक्ष पिस्टनच्या स्कर्टचं (खालच्या घेराचं) माप घेऊन त्यात क्लिअरन्स (फट) मिळवून बोअर ठरवायचं. होनिंगला ३-४ शतांश शिल्लक ठेवायचे.

वर्कशॉपला हे ठणकावून सांगा की हे टू-स्ट्रोक आहे, भिंतीत पोर्टच्या खिडक्या आहेत. टूल खिडकीवरून जाताना एकदा सुटतं, एकदा आदळतं. धार ताजी पाहिजे आणि फीड सावकाश. ट्रॅक्टरचे लायनर मारणारा घाईत असला तर पोर्टच्या कडेला लाटा उठतात. आणि ब्लॉक क्रँककेसच्या तोंडावर टेकवून सरळ बांधायचा. ओतीव भागावर टेकवला तर बोअर तिरकं जातं, मग पिस्टन एका बाजूला घासतच राहतो.

खानापूरची
मध्येच विचारते, आमच्याकडं चारचाकीच्या गॅरेजवाले खोल ओरखड्यात इपॉक्सी भरून देतात म्हणे. ते चालतं का?

बोरिंगकाका
बाहेरच्या पाण्याच्या कवचाला भेग असेल तर चालेल एखादवेळी. सिलिंडरच्या भिंतीवर नाही. रिंग प्रत्येक फेऱ्याला तिच्यावरून जाते आणि वर जाळ असतो. सुटलेला तुकडा पिस्टन आणि भिंतीच्या मध्येच जाणार.

दूधगंगाकाठ
५०.१५ ला डावी रेष पूर्ण गेली, उजवी नुसती सावली दिसते, नखाला लागत नाही. वर्कशॉपवाल्या मामांनी टॉर्च मारून दाखवलं. पाव मिलिमीटरचा पिस्टन पणजीहून मागवलाय, रिंगा, पिन, सर्क्लिप (पिन धरणारी तारेची कडी), गॅस्केट सगळं बरोबर. इम्पेलरचा संचही. चोर्ल्यातून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याला सांगितलंय.

मामा म्हणाले असलं इंजिन पहिल्यांदा हातात आलं, पण येझदी केल्यात. काका, तुम्हाला ओळखतात की काय असं वाटूलालंय.

बोरिंगकाका
उद्यमबागेत सगळे सगळ्यांना ओळखतात.

होनिंगला २२० ते २८० चा दगड, जाळी दिसली पाहिजे, रेषा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदणाऱ्या. आरशासारखं चकचकीत नको, त्यावर तेल थांबत नाही. मग पोर्टच्या कडा. बोअर मारल्यावर त्या ब्लेडसारख्या धारदार होतात. बारीक दगडानं कड जराशी मोडायची, नाहीतर रिंग खिडकीत डोकावते तेव्हा तिथंच अडकून मोडते. हे काम कोणी सांगितल्याशिवाय करत नाही आणि नवीन बोअरमधल्या रिंगा याच्यापायीच जातात.

धुताना नुसतं पेट्रोल नको. गरम पाणी, साबण, ब्रश. पांढरं फडकं तेलात बुडवून फिरवा, काळं येतंय तोवर दगडाची पूड आत आहे.

मायक्रोमीटर
रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी नुसतीच सिलिंडरमध्ये घाला, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फीलर गेजनं मोजा. ५० च्या बोअरला साधारण ०.१५ ते ०.३० च्या दरम्यान. फट अगदी मिटली असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि परत ओरखडे. दोन्ही सिलिंडरला वेगवेगळी तपासा, खालच्याच्या रिंगा स्टँडर्ड आहेत.

किनारपट्टी
रिंगांच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगेचं तोंड त्या पिनवरच आलं पाहिजे. पिस्टनच्या माथ्यावर बाणाची किंवा अप अशी खूण असते, ती उलटी घातली तर रिंगेचं तोंड पोर्टच्या खिडकीवर येतं. जुनी सर्क्लिप परत वापरायची नाही, कितीही चांगली दिसली तरी. इम्पेलर घालताना साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट फिरतो त्याच दिशेला फिरवत घाला म्हणजे पाती बरोबर वाकतात. शाफ्टवरची छोटी चावी जागेवर आहे ना बघा, ती पडली की पंप फिरतच नाही.

पाती सापडली का?

दूधगंगाकाठ
एक सापडली, पंपाच्या वरच्या नळीत. दुसरी नाही.

किनारपट्टी
मग थर्मोस्टॅट काढा.

दूधगंगाकाठ
सगळं बसवून झालं. थर्मोस्टॅटच्या झाकणाचा बोल्ट आदल्या दिवशी सुटायला तयार नव्हता. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी गरम करून हलक्या हातानं सोडवला. मोडला असता तर इथं आणखी एक धागा काढावा लागला असता. दुसरं पात तिथंच, गाळात रुतून बसलेलं. किनारपट्टीकर, तुमच्याकडं आलो की सोलकढी माझ्याकडून.

पिस्टन मोजून वर ४ शतांश सोडून होन केलं. रिंगांची फट दोन्हीकडं ०.२० च्या आसपास. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेर, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंच मामांचाच. ड्रममध्ये सुरू केली, मागची धार बोटाएवढी जाड. हेडला हात लावून बघितला, कोमट. कॉम्प्रेशन दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून घेतलं: वरचा ११५, खालचा ११८.

जुनं_गॅरेज
थरथर?

दूधगंगाकाठ
नाही.

किनारपट्टी
आता मिश्रण. नवीन भाग मुरवताना (पहिले काही तास जपून चालवताना) २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली ऑइल. पहिले दहा तास असंच, आणि एकाच वेगावर धरून बसू नका, कमी-जास्त करत राहा, सतत फुल थ्रॉटल नाही. नंतर मॅन्युअलात असेल ते, बहुतेक ५० ला १, लिटरला २० मिली. ऑइलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं पाहिजे. मोटरसायकलचं टू-टी वेगळं, ते हवेवर थंड होणाऱ्या तापट इंजिनासाठी असतं आणि त्यातल्या राखेनं इथं प्लग व रिंगा धरतात. अडचणीला एखादी टाकी चालेल, सवय नको.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. इंजिन ओढतं तळातलं, म्हणजे बिनऑइलाचं. तुमची होडी वर्षातून थोडेच दिवस चालते, म्हणून हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त लागू. काम झालं की पेट्रोलची नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, ड्रममध्येच, कार्बुरेटर रिकामा होतो. उरलेलं पेट्रोल कुणाच्या तरी जुन्या टू-स्ट्रोकमध्ये घालून संपवा.

गडइंग्लजचा_गडी
माझ्याकडं येझदी आहे. आणून द्या.

खानापूरची
आमच्या शेजाऱ्यांकडं एक सिलिंडरची जुनी मोटर पडून आहे, दोरी ओढली की अर्ध्यावर अडकते. हा धागा त्यांना वाचून दाखवला. ते म्हणतात सरळ उद्यमबागेत नेतो.

बोरिंगकाका
नेऊ द्या, पण जोर लावून ओढू नका म्हणावं. आधी प्लग काढा, आत थोडं तेल सोडा, दोन दिवस थांबा आणि फ्लायव्हील हातानं मागं-पुढं हलवून बघा. नुसती गंजून धरली असेल तर सुटेल. सुटली की हेड काढा, लोहचुंबक लावा आणि काय झालं ते इथंच लिहा.

दूधगंगाकाठ
दहा तास पूर्ण झाले की हेडचे बोल्ट परत तपासायचे का?

किनारपट्टी
हो, इंजिन पूर्ण गार असताना, त्याच क्रमानं. आणि त्याच दिवशी दोन्ही प्लग काढून फोटो टाका. चहाच्या रंगाचे आले तर पुढं बोलायला काही नाही. वरचा पांढरट असला तर पाणी नाहीतर कार्बुरेटर परत बघायचा.

दूधगंगाकाठ
टाकतो. होडी परवाच सुलटी केली, सध्या तिच्यात मंडळाची पोरं बसून कॅरम खेळूलालीत.